नाकातली नळी, पोटातली नळी आणि पुन्हा तोंडानं जेवण: एका रुग्णाचं प्रकरण

रुग्ण सांगली जिल्ह्यातले शेतकरी, वय ६१. ऊस आणि हळद. रक्तदाबाच्या गोळ्या आठवेल तेव्हा घ्यायचे, तंबाखू मात्र रोजची. लिहिण्यासाठी घरच्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गावात त्यांना सगळे आण्णा म्हणतात, म्हणून इथंही आण्णाच म्हणते.

एके दिवशी पहाटे उठताना त्यांना गरगरलं, ओकारी झाली, आवाज घोगरा झाला आणि उचकी लागली ती थांबेना. कुणीतरी आठवण काढतंय म्हणून लेकीला फोनसुद्धा लावून झाला. हातपाय हलत होते, तोंड वाकडं नव्हतं, त्यामुळे पित्त खवळलं असेल असं समजून सकाळ गेली. चालताना उजवीकडे झोक जातोय आणि उजवी पापणी उतरलीय हे सुनेच्या लक्षात आलं, तेव्हा दुपारी मिरजेला आणलं. एमआरआयमध्ये लंबमज्जेच्या, म्हणजे मेंदूच्या सगळ्यात खालच्या भागाच्या, उजव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद पडलेला दिसला. हा झटका येऊन गेल्यावर दिसणारा लक्षणांचा संच जर्मन डॉक्टर आडोल्फ वॉलेनबर्ग यांनी १८९५ साली वर्णन केला, म्हणून त्याला वॉलेनबर्ग सिंड्रोम म्हणतात. न थांबणारी उचकी हा त्याचाच भाग असतो.

मी गिळण्याच्या त्रासावर उपचार करते, आणि या झटक्यात घरच्यांचा गोंधळ का उडतो ते दरवेळी बघते. अर्धांगवायू म्हणजे एक बाजू लुळी, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इथं हाताची पकड घट्ट, बोलणं घोगरं पण स्पष्ट, बुद्धी शाबूत. आणि तरीही माणसाला स्वतःची थुंकी गिळता येत नाही. आण्णांच्या हातात कायम एक स्टीलचा पेला असायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला ते त्यात थुंकायचे. रात्री उशाला टॉवेल. भूक मात्र पूर्ण होती. शेजारी कुणी डबा उघडला की ते मान फिरवून घ्यायचे.

आपण घास गिळतो तेव्हा घशातला टप्पा साधारण एका सेकंदात उरकतो. तेवढ्या वेळात श्वास थांबतो, कंठमणी वर आणि पुढे सरकतो, स्वरयंत्र बंद होतं, घशाच्या भिंती घास खाली ढकलतात आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी एरवी आवळून बंद असलेला स्नायू सैल पडतो. घरच्यांना समजावताना मी त्याला अन्ननलिकेचं दार म्हणते. या सगळ्याची वेळ जुळवण्याचं काम लंबमज्जेतल्या पेशींचे पुंजके करतात, आणि आण्णांचा झटका नेमका तिथं बसला होता. जिभेत ताकद होती, म्हणजे घास मागे जायचा. पुढे उजवी घशाची भिंत ढिली, उजवी स्वररज्जू अर्धवट हलणारी आणि दार उघडतच नाही. मग घास दाराशी साचणार, आणि श्वास सुरू झाला की शेजारच्या श्वासनलिकेत उतरणार.

रुग्णालयातून त्यांना नाकातली नळी, म्हणजे राईल्स ट्यूब, घालूनच घरी पाठवलं. रुग्णालयाचं नाव इथं गैरलागू आहे. तिथं त्यांचा जीव वाचला, पण गिळण्याची तपासणी झाली नाही आणि कागदावर पुढचं काही लिहिलेलं नव्हतं. “तोंडानं काही देऊ नका, नळीतून पातळ द्या” एवढं तोंडी सांगितलं गेलं. किती दिवस, कुणाला दाखवायचं, काय झालं तर धावत यायचं, काहीच नाही. आपल्याकडे नळीचे रुग्ण असेच घरी जातात आणि पुढचं सगळं घरातल्या बाईच्या खांद्यावर येतं. याचा मला राग येतो.

मावशींनी, म्हणजे आण्णांच्या पत्नीनं, सांगितलेलं शब्दशः पाळलं. पातळ द्या म्हटलं, म्हणून दर दोन तासांनी २०० मिली: कधी डाळीचं पाणी, कधी ताक, कधी शहाळं, कधी पाणी घातलेलं दूध. दिवसाला दीड-दोन लिटर पोटात जात होतं, पण त्यात अन्न फार थोडं होतं. डाळीवरचं निवळलेलं पाणी म्हणजे डाळ नव्हे. प्रथिनं खाली गाळातच राहतात. पाच आठवड्यांत वजन ६४ किलोवरून ५७ वर आलं. गिळण्याच्या स्नायूंनाही हे उपासमारीचं दुखणं चुकत नाही. खायला शिकवायचं ज्या स्नायूंना, तेच झिजत जातात.

तिसऱ्या आठवड्यात चहा झाला. आण्णा रोज मागायचे, “घोटभर च्या द्या की गं,” आणि एके संध्याकाळी पाहुणे बसलेले असताना मावशींचं मन मोडलं. बशीत ओतून दोन घोट दिले. ठसका लागला नाही. सगळ्यांना वाटलं, जमलं. दुसऱ्या दिवशीही दिला. चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, श्वास जोरात चालू लागला आणि एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया निघाला. ज्यांच्या घशाची संवेदना कमी झालेली असते त्यांना श्वासनलिकेत पाणी गेलं तरी खोकला येत नाही. ठसका लागला नाही म्हणजे नीट गेलं, हा ठोकताळा अशा माणसाला लागू पडत नाही. पण मावशींना मी एका शब्दानं दोष दिला नाही. त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

न्यूमोनियातून बरे झाल्यावर, झटक्यानंतर पाचव्या आठवड्यात, ते माझ्याकडे आले.

तपासणी

पहिल्या दिवशी मी त्यांना काहीही खायला दिलं नाही. आधी तोंड बघितलं. जिभेवर पांढरट-तपकिरी थर, टाळ्याला सुकलेला चिकटा, मागच्या दोन दाढा किडलेल्या. “खात नाहीत तर दात कशाला घासायचे” असं घरोघरी धरलं जातं, आणि नळीच्या रुग्णाला यासारखं घातक काही नाही. सुझन लँगमोर आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली वृद्ध रुग्णांवर केलेल्या अभ्यासात अन्न वा लाळ श्वासनलिकेत जाऊन होणाऱ्या न्यूमोनियाशी कशाकशाचा संबंध आहे ते तपासलं. दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यावं लागणं, तोंडाच्या स्वच्छतेसाठी दुसऱ्यावर अवलंबून असणं आणि किडलेले दात हे त्यात ठळकपणे पुढे आले. नळीनं जेवणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात त्याची लाळ उतरतच असते. ती लाळ किती घाण आहे यावर बरंच काही ठरतं. त्यामुळे माझा पहिला उपचार म्हणजे ब्रश होता: दिवसातून तीनदा, मऊ ब्रश, पेस्ट नखाएवढी, मान पुढे झुकवून, तोंड धुतलेलं पाणी थुंकून टाकायचं आणि जीभ ओल्या फडक्यानं पुसायची. किडक्या दाढा दंतवैद्याकडे. तंबाखू बंद, हे आण्णांनी स्वतःच जाहीर केलं.

मग कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून दुर्बीण घालून घसा दाखवला. स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत लाळेची तळी साचलेली होती, उजव्या बाजूला जास्त. नळी घशात गुंडाळी न होता सरळ उतरली होती, हेही तेव्हाच बघून घेतलं. नंतरच्या आठवड्यात, एक्स-रेत दिसणारं बेरियम मिसळलेले घोट देऊन व्हिडिओ फ्लुरोस्कोपी केली. गिळतानाचा एक्स-रे चलचित्रासारखा दिसतो, आणि दार किती उघडतं हे त्यातच कळतं.

या तपासणीवर मी थोडी थांबते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं राहिलं. मान सरळ ठेवून दिलेला घोट दाराशी अडला आणि थोडा श्वासनलिकेत गेला. खोकला आला, पण उशिरा. मग मान उजवीकडे, म्हणजे कमजोर बाजूकडे, पूर्ण वळवून तसाच घोट दिला. मान वळवली की त्या बाजूचा खळगा मिटतो आणि अन्न चांगल्या, डाव्या बाजूनं खाली येतं. शिवाय दारावरचा ताणही कमी होतो. पडद्यावर बेरियमची बारीक रेघ डाव्या बाजूनं अन्ननलिकेत उतरताना दिसली. इतक्या आठवड्यांत आण्णांच्या घशातून नीट उतरलेली ती पहिली गोष्ट. मान वळवण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना विचारून घेतलं होतं. अशा झटक्यात मानेतली रक्तवाहिनी आतून फाटलेली असू शकते आणि तेव्हा मान पिरगाळणं धोक्याचं असतं. आण्णांच्या अँजिओग्राफीत तसं काही नव्हतं.

दुसरी गोष्ट घरच्यांना सगळ्यात चमत्कारिक वाटली. गिळायला त्रास आहे म्हटलं की घट्ट द्या, असं आता बऱ्याच जणांना ठाऊक झालं आहे. आण्णांना घट्ट लापशीसारखा घास दिला तेव्हा तो दाराशी तसाच साचून राहिला, दोनदा गिळूनही गेला नाही. अगदी पाण्यासारखं पातळ मात्र इतक्या वेगानं यायचं की स्वरयंत्र मिटायच्या आत पोचायचं. त्यांना मानवलं ते या दोन्हींच्या मधलं. कुणाला काय मानवेल हे आजाराच्या नावावरून ठरत नाही, त्या माणसाचा घसा बघूनच ठरतं.

पोटातल्या नळीचा प्रश्न

नाकातली नळी महिना-दीड महिन्यापलीकडे चालवायची नसते. नाकाला, घशाला जखमा होतात, झोपेत ओढली जाते. आण्णांची दोनदा निघाली होती, आणि ती परत घालताना होणारा त्रास ते मुकाट सोसायचे. पोटातून बसवायच्या पेग नळीचा विषय निघाला तेव्हा घर गप्प झालं. मग थोरला मुलगा म्हणाला, “मॅडम, पोटाला भोक पाडलं म्हणजे आता तोंडानं कधीच नाही, असंच ना?”

हीच समजूत रुग्णांना महिनोन्महिने नाकातल्या नळीत अडकवून ठेवते. मी त्यांना सांगितलं की पेगचा पहिला प्रयोग १९७९ साली अमेरिकेत क्लीव्हलँडला झाला तो साडेचार महिन्यांच्या बाळावर. दुर्बिणीच्या मदतीनं, पोट न फाडता बसवता यावी म्हणूनच ती पद्धत निघाली. ती काढता येते. काढल्यावर भोक आपोआप आक्रसतं. हेही सांगितलं की घाईनं, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पेग बसवण्याचा फायदा नाही. २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘फूड’ नावाच्या अभ्यासात झटक्यानंतर लवकर पेग बसवलेल्यांचं नाकातल्या नळीवाल्यांपेक्षा भलं झालं नाही, उलट थोडं वाईटाकडेच झुकलं. बऱ्याच जणांचं गिळणं तेवढ्या दिवसांत आपलं आपण सुधारतं. आण्णांचं सुधारलेलं नव्हतं, आणि दाराची अवस्था बघता काही महिने जातील असं दिसत होतं.

मला पेग हवी होती ती मुख्यतः सवडीसाठी. नाकात नळी असताना घरच्यांना एकच दिसतं, की ती कधी निघेल, आणि त्या घाईत चहाचे घोट होतात. पोट भरण्याची चिंता मिटली की तोंडानं खाण्याचा सराव शांतपणे करता येतो. सातव्या आठवड्यात पेग बसली. त्याच सुमारास आहारतज्ज्ञांनी नळीचं अन्न बदललं: शिजवून, वाटून, गाळलेली डाळ, भात, भाजी, त्यात चमचाभर तेल, दुधात प्रथिनांची पावडर. दर किलोमागे दिवसाला साधारण ३० कॅलरी आणि १ ग्रॅमच्या थोडी वर प्रथिनं असा हिशेब. प्रत्येक वेळी आधी-नंतर पाण्यानं नळी धुवायची, बसवूनच द्यायचं आणि नंतर तासभर आडवं व्हायचं नाही. गोळ्या कुटून देताना कुठल्या कुटायच्या नाहीत ते डॉक्टरांकडून लिहून घेतलं, कारण हळूहळू विरघळणारी गोळी कुटली की दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.

सराव

गिळण्याचे स्नायू गिळूनच सुधारतात. तोंडाचे बाकीचे व्यायाम, जीभ इकडे-तिकडे फिरवणं, गाल फुगवणं, आण्णांना फारसे उपयोगाचे नव्हते, कारण त्यांची जीभ नि ओठ चांगलेच होते. “करंट देता का?” हेही मुलानं विचारलं. गळ्यावर विजेचे पॅड लावण्याबद्दलचा पुरावा अजून उलटसुलट आहे आणि त्यावर पैसे घालवण्याऐवजी तोच वेळ सरावाला द्यावा असं माझं मत मी त्यांना सांगितलं.

सराव तीन होते. जोर लावून थुंकी गिळणं. दुसरा अवघड: गिळताना घाटी, म्हणजे कंठमणी, वर चढली की तिथंच दोन-तीन सेकंद धरून ठेवायची, म्हणजे दार तेवढा वेळ उघडं राहतं. आण्णांना हे सांगून कळेना. मी त्यांची बोटं माझ्या गळ्यावर ठेवली, मग त्यांच्या गळ्यावर, मग समोर आरसा. बऱ्याच दिवसांनी एकदा ती वर जाऊन थांबली आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलेलं आश्चर्य मला दिसलं. तिसरा सराव हनुवटीखाली हवेचा चेंडू धरून तो छातीशी दाबण्याचा. सिंगापूरच्या संशोधकांनी २०१४ मध्ये मांडलेला हा व्यायाम. उताणं झोपून मान उचलण्याचा जुना व्यायाम त्यांना झेपत नव्हता, हा खुर्चीत बसून जमला. नातवाचा चेंडू त्या कामी आला.

आठव्या आठवड्यात पहिला खाद्यपदार्थ दिला: नाचणीची आंबील. मध्यम दाटीचं, घरात रोज होणारं आणि त्यांच्या आवडीचं. पण आंबील म्हणजे नेमकी किती दाट? दाटीसाठी जगभर वापरली जाणारी इड्सी ही मोजपट्टी आहे आणि तिची चाचणी स्वयंपाकघरात करता येते. १० मिलीची सिरिंज, दांडा काढलेली, खालचं तोंड बोटानं बंद. १० मिलीच्या खुणेपर्यंत आंबील भरायची, बोट काढायचं, १० सेकंद मोजायचे, परत बोट लावायचं. ४ ते ८ मिलीच्या मध्ये उरली तर दुसरी पातळी, आण्णांना हवी ती. १ ते ४ उरली तर फार पातळ. सिरिंजही कुठलीही चालत नाही. शून्यापासून १० पर्यंतच्या खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर असावी लागते, आणि औषधाच्या दुकानातल्या सगळ्याच सिरिंजा तशा नसतात. सुनेनं पट्टी लावून मोजूनच घेतली.

पहिल्या आठवड्यात तिचा एक फोन आला. चाचणीत आंबील बरोबर येते, पण खाता खाता पातळ होते, असं का? कारण थुंकी होती. लाळेतलं अमायलेज पिष्ट पदार्थ मोडतं. चमचा तोंडातून परत वाटीत जायचा आणि वाटीतली आंबील पाच-दहा मिनिटांत पाणी धरायची. म्हणजे पहिला घोट योग्य दाटीचा आणि शेवटचे धोक्याचे. उपाय सोपा होता: मोठी वाटी बाजूला, छोट्या वाटीत थोडी थोडी काढायची, ती संपली की चमचा धुऊन पुढची. आंबील गार होताना दाट होते, म्हणून ज्या गरमपणाला द्यायची त्याच वेळी चाचणी. तिच्या बारीक नजरेनं ही गोष्ट पकडली. माझ्या खोलीत बसून ती मला दिसली नसती.

सुरुवात अर्ध्या चमच्यानं, पाच वेळा, दिवसातून दोनदा. मान उजवीकडे, गिळा, मान तिथंच ठेवून पुन्हा एकदा कोरडं गिळा, खाकरा, पुन्हा गिळा, मग ‘आ’ म्हणा. आवाज ओला, घरघरता आला तर थांबायचं. मान वळवायला आण्णा विसरायचे, म्हणून मी मावशींना त्यांच्या उजव्या हाताला बसायला सांगितलं. बोलायला, बघायला मान आपोआप तिकडे जायची.

मावशींना एक गोष्ट जड गेली. त्या भरवायच्या, प्रेमानं, आणि एक घास उतरायच्या आत दुसरा पुढे करायच्या. चमचा आण्णांच्या हातात द्यायचा होता. स्वतःच्या हातानं खाणारा माणूस घासाचा वेग स्वतः ठरवतो, त्याचं तोंड आणि घसा आधीच तयार होतो. पण झटक्यामुळे आण्णांचा उजवा हात थरथरायचा, आणि डाव्या हातानं जेवायला ते काही केल्या तयार होईनात. मी आग्रह धरला नाही. टेबलावर उजवं कोपर टेकवून, जड बुडाची वाटी आणि जाड दांड्याचा चमचा वापरला की थरथर बरीच कमी व्हायची.

दहाव्या आठवड्यात एका वेळी ६० मिली, दिवसातून तीनदा होत होतं. ताप नाही, छाती स्वच्छ, थुंकायचा पेला दिवसातले काही तास बाजूला पडू लागला. तिसऱ्या महिन्यात पुन्हा फ्लुरोस्कोपी केली. दार आधीपेक्षा चांगलं उघडत होतं आणि मान वळवून घट्ट घासही उतरत होता. तेव्हा गोड दही, गुरगुट्या भात वाटून आणि मेतकूट घालून, मऊ शिरा सुरू झाला. दार उघडलं नसतं तर फुग्यानं ते रुंद करणं किंवा स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन यांचा विचार करावा लागला असता. तशी वेळ आली नाही.

मग गाडी अडली. घशाची तयारी होती, आण्णांची नव्हती. दोन चमचे झाले की वाटी सरकवायचे. भूक नाही, म्हणायचे. थोडं खरं होतं: जेवणाच्या तासभर आधी नळीतून पाव लिटर अन्न गेलेलं असायचं. ते वेळापत्रक उलटं केलं, म्हणजे आधी तोंडानं, कमी पडेल तेवढं नंतर नळीनं, आणि नळीचा मोठा भाग रात्री जागेपणी, बसवून. पण भूक आल्यावरही हात थबकायचा. एकदा मावशी बाहेर गेल्यावर ते म्हणाले, “मॅडम, घास अडकला तर मरतो की मी. हॉस्पिटलात तसंच झालतं.” न्यूमोनियाच्या वेळचा गुदमरलेला श्वास त्यांच्या अंगात बसला होता. ही भीती मी हसून घालवायचा प्रयत्न कधी करत नाही. आम्ही फ्लुरोस्कोपीचं चित्रण त्यांना दाखवलं, पहिलं आणि नंतरचं, शेजारी शेजारी. दुसऱ्यात घास कुठून कसा जातो ते त्यांनी परत परत लावायला सांगितलं. घशात काही राहिलंसं वाटलं तर काय करायचं, हे त्यांनीच आम्हाला क्रमानं म्हणून दाखवलं. एका जेवणाला अर्ध्या तासाची मर्यादा घातली, कारण त्यापुढे घसा दमतो. नंतरच्या दोन आठवड्यांत वाटी रिकामी होऊ लागली.

नळी कमी करताना मोजमाप लागतं. तोंडानं गेलेलं सगळं सून वहीत लिहायची आणि आहारतज्ज्ञ त्यातून कॅलरी काढायच्या. तोंडानं पाव गरज भागली की नळीचं एक फीड बंद, निम्मी भागली की दिवसाची बंद आणि रात्रीचं चालू. दर आठवड्याला वजन. ते घसरलं की एक पायरी मागे, आणि चौथ्या महिन्यात सर्दीनं खाणं कमी झालं तेव्हा तसं मागे जावं लागलंही. पाचव्या महिन्याच्या अखेरीस तिन्ही जेवणं तोंडानं होती: मऊ भात-वरण एकजीव करून, उकडून कुस्करलेली भाजी, मऊ भाकरीचा आतला भाग आमटीत पूर्ण मुरवून. भाकरीचे तुकडे आमटीत तरंगताहेत असं चालत नव्हतं. एकाच घासात पातळ आणि चावायचं असं दोन्ही आलं की घशाला दोन कामं एकदम करावी लागतात. पाणी मात्र अजून नळीनंच. पाणी सगळ्यात शेवटी का, हे नातेवाइकांना पटवणं भाकरीपेक्षा कठीण गेलं. ते सगळ्यात वेगानं पळतं आणि त्याला घास म्हणून धरून ठेवता येत नाही. तोंड स्वच्छ घासून, जेवणापासून वेगळ्या वेळी, मान वळवून चमच्यानं पाणी सुरू केलं आणि सहाव्या महिन्यात पेल्यावर आलो. चहाही तेव्हाच आला, बशी न वापरता.

सलग चार आठवडे नळीचा काहीच वापर नाही, फक्त ती रोज पाण्यानं धुवायची. वजन ६१ किलोवर स्थिर. गोळ्या दह्याच्या चमच्यातून तोंडानं. हे जमल्यावर डॉक्टरांनी पेग काढली. भोक दोन-तीन दिवस थोडं पाझरलं आणि बंद झालं.

वर्षाच्या तपासणीत आण्णांचं जेवण जवळजवळ घरातल्यासारखंच आहे. कोरडे पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, भाकरीचा कडक पापुद्रा आणि उकडीचा चिकट मोदक वर्ज्य आहेत. पातळ पिताना मान उजवीकडे लागतेच, दमल्यावर जेवतानाही. आवाज थोडा घोगरा राहिला आहे, चेहऱ्याच्या उजव्या बाजूला गरम-गार कमी कळतं, त्यामुळे चहा आधी मावशी बोट लावून बघतात. हनुवटीखालचा चेंडू दिवसातून एकदा चालू आहे. पुढची तपासणी सहा महिन्यांनी. त्याआधी ताप, संध्याकाळचा खोकला किंवा महिन्यात दोन किलोंहून जास्त वजन घटलं तर लगेच यायचं, हे सुनेच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.